पाऊस बरोबर होता

‘तुंबाड’ २०१८च्या ऑक्टोबरात लागला तेव्हा रत्नागिरीतल्या वाचणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न श्री. ना. पेंडशांबद्दल होता. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड नावाचं गाव खरोखरच आहे, आणि त्या गावावरची पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ पासून इथल्या कित्येक घरांच्या कपाटात आहे. नाव तेच, पडका वाडा तोच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हाव तीच. म्हणजे सिनेमा कादंबरीवरच असणार असं धरून लोक गेले. आत खोत कुठेच नव्हते. साखळदंडात जखडलेली म्हातारी होती, जमिनीच्या पोटात उतरणारी विहीर होती, आणि धान्यासाठी आसुसलेला हस्तर नावाचा शापित देव.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पेंडशांकडून घेतलं ते नाव. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून सुचलेली. अमेरिकेच्या मेन राज्यातली एक म्हातारी धारपांच्या हातून मराठी झाली आणि बर्व्यांनी तिला खेड तालुक्यात आणून बसवलं. रूपांतराची इतकी लांब साखळी आपल्याकडे क्वचित दिसते. पुस्तकाशी इमान हा एकच निकष लावायचा म्हटलं, तर ‘तुंबाड’ दोन्ही बाजूंनी नापास होतो.

तरीही खोतांच्या शोधात गेलेली माणसं फार काळ नाराज राहिली नाहीत. सिनेमाचा विषय निघाला की आमच्याकडे बोलणं फिरून एकाच गोष्टीवर येई : पाऊस बरोबर होता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पडद्यावरचा टँकरचा पाऊस इथे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. नायकाच्या अंगावर धारा कोसळत असतात आणि मागच्या डोंगरावर लख्ख ऊन. अंगण भिजलेलं आणि गडग्याचे चिरे कोरडे. ‘तुंबाड’वाले खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे थांबले. त्यामुळे पंकजकुमार यांच्या कॅमेऱ्यात भर दुपारीही दिवेलागणीचा उजेड आहे. आभाळाला उंचीच नाही, ते कौलांवर टेकलेलं. भिंतीला ओल चढलेली आहे, माणसांची धोतरं कधी पुरती वाळलेली दिसत नाहीत, आणि सगळ्या करड्या रंगात ऊब असलेली एकच वस्तू म्हणजे हातातला कंदील. आषाढात चार-चार दिवस सूर्य न बघितलेल्या माणसाला हे दाखवून द्यावं लागत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही होत्या. वाडा सासवडचा. कोकणात खोताचं घर कितीही मोठं असो, ते उतरत्या कौलांचं, ओटी-पडवी-माजघराचं असतं. तटबंदीचा उंच दगडी वाडा हे घाटावरचं काम. हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली लागते, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणात रोजच्या पोटाला तांदूळ नि नाचणी होती, गहू हे लांबचं धान्य होतं. नायक पुण्यात राहायला गेल्यावर तो प्रश्न जरा सैल होतो, एवढंच. इथल्या प्रेक्षकाने हे सारं पाहिलं आणि सोडून दिलं. पाऊस खरा ठरला होता, त्या भरवशावर बाकीचं त्याने खपवून घेतलं.

मला म्हणायचंय ते असं : प्रेक्षक ‘पुस्तकासारखं नाही’ म्हणतो, तेव्हा निदान कोकणात तरी त्याची खरी तक्रार बहुतेक वेळा ‘आमच्या जागेसारखं नाही’ अशी असते. जागा सांभाळणाऱ्याला तो कथानक बदलण्याची मोकळीक देतो. कथानक शब्दशः उचलून जागा ढिसाळ ठेवणाऱ्याला देत नाही. आपल्या रूपांतरांची चर्चा मात्र अजून प्रसंग कुठला गाळला, शेवट कोणता बदलला, याच हिशेबात अडकून पडलेली आहे.

ग्राफिक नॉव्हेलवरच्या सिनेमांनी हा हिशेब जगभर आणखी कडक केला. तिथे वाचकाच्या मनातलं चित्र मोघम नसतं, ते कागदावर छापलेलं असतं. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आलं. २००९ मध्ये झॅक स्नायडरने त्यावर सिनेमा केला, त्यातल्या कित्येक चौकटी जशाच्या तशा पडद्यावर उभ्या केल्या, आणि शेवट तेवढा बदलला. मूळ गोष्टीत न्यूयॉर्कवर स्क्विडसारखा एक महाकाय राक्षस येऊन आदळतो. सिनेमात त्या संहाराचं खापर डॉ. मॅनहॅटनवर फुटतं. चाहत्यांत उभी फूट पडली. मूर यांनी तर श्रेयनामावलीत आपलं नावच घालू दिलं नाही. मला त्यातली शेवटाची तक्रार दुय्यम वाटते. गिबन्सच्या पानावर नऊ चौकटींची जाळी आहे. वाचक कुठल्या चौकटीवर किती थांबायचं, मागचं पान पुन्हा कधी उलटायचं, हे स्वतः ठरवतो. पडद्यावर चित्र तेच राहिलं आणि थांबण्याचा हक्क गेला. चौकट हुबेहूब असून वाचकाला चुकल्याचुकल्यासारखं होतं, त्याचं कारण हे आहे.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा अनुभव ‘चिंटू’चा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी तिच्यावर सिनेमा केला, पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. मुलांनी तो मजेत पाहिला. तिशी-पस्तिशीतल्या माणसांना, म्हणजे चिंटूबरोबर शाळेत गेलेल्यांना, काहीतरी उणं वाटलं, आणि ते अगदी साहजिक होतं. चित्रातला चिंटू वीस वर्षांत एका दिवसाने मोठा झाला नव्हता. चार-दोन रेघांचे केस, एक शर्ट, चौथ्या चौकटीत पडलेला बाबांचा चेहरा : एवढ्यात सगळं भागत होतं, कारण उरलेलं घर वाचक आपल्या घरावरून भरून घेत असे. सिनेमाला खरा मुलगा, खरी सोसायटी, खरा सोफा लागतो, आणि चौथ्या चौकटीशी संपणारी गंमत दोन तास ताणावी लागते. मुलांनी काम गोड केलं होतं. पण रिकामी सोडलेली जागा भरून टाकली की रेघेचं चित्र संपतं, त्याला दिग्दर्शक तरी काय करणार? ‘चिंटू’ रेघेतच, ॲनिमेशनमध्ये व्हायला हवा होता असं मला आजही वाटतं. मार्जान सत्रापीने ‘पर्सेपोलिस’च्या बाबतीत २००७ मध्ये तेच केलं : आपली काळीपांढरी चित्रं तशीच हलती केली, इराण खऱ्या इमारतींतून उभं केलं नाही.

‘फास्टर फेणे’ची गोष्ट थोडी वेगळी. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी भा. रा. भागवतांचा बन्या फेणे थेट तरुण करून टाकला. अमेय वाघचा फाफे जुन्या वाचकांनी पटकन आपलासा केला, कारण मूळ पोराशी त्याची तुलनाच उरली नाही. शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतच पडद्यावर आले. मोठा बदल छोट्या बदलापेक्षा सुखाने स्वीकारला जातो, याचं हे चांगलं उदाहरण.

रत्नागिरी जिल्ह्यातलं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक कुठलं, याचं उत्तर ‘श्यामची आई’ असंच द्यावं लागेल. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची बांधणी ‘रात्रीं’ची आहे, अशा ४२. प्रत्येक रात्र म्हणजे एक प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंगाच्या मध्यभागी एक न पुसणारं चित्र : पोहायला न जाणारा, माळ्यावर लपलेला श्याम, तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने धोंडीवर पसरलेलं ओलं लुगडं. चित्रांशिवायची चित्रकथाच ती. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये तिचा सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आईचं काम करणाऱ्या वनमाला ग्वाल्हेरच्या. कोकणाशी जन्माचं नातं नसताना त्यांचा चेहरा इतका पक्का बसला की पुढच्या पिढ्यांनी पुस्तक वाचलं ते तोच चेहरा डोळ्यांसमोर ठेवून.

म्हणून सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये पुन्हा ‘श्यामची आई’ केला तेव्हा त्यांची गाठ दोन मुळांशी होती, पुस्तक आणि अत्र्यांचा सिनेमा. त्यांनी तो कृष्णधवल ठेवला. यावर आमच्या भागात बरीच चर्चा झाली. कोकणाचा हिरवा काढून टाकला तर कोकण उरलं काय, असं कळकळीने विचारणारे भेटले. मी दुसऱ्या बाजूचा आहे. गेल्या काही वर्षांत जाहिरातींनी आणि ड्रोनच्या चित्रीकरणाने तो हिरवा इतका गुळगुळीत करून टाकलाय, की गरिबी त्यात दिसेनाशी होते. श्यामच्या घरातली गरिबी रंगीत कोकणात पर्यटनस्थळासारखी दिसली असती. रंग गेल्यावर चिऱ्याचा खडबडीतपणा, शेणाने सारवलेल्या जमिनीवरची बोटांची नक्षी, आईच्या लुगड्याचा विटकेपणा पुढे येतो. या सिनेमाला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रगृहात मात्र त्याला मिळायला हवी होती तेवढी माणसं मिळाली नाहीत, याची मला हळहळ आहे.

आपलं रूपांतर चित्रात कमी पडतं, यामागे एक जुनं कारण आहे. मराठी कादंबरी पडद्यावर जाताना पुष्कळदा रंगभूमीवरून गेली. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ कादंबरी म्हणून १९५२ मध्ये आला, त्याचं नाटक झालं, चिपळूणच्या काशिनाथ घाणेकरांनी तो बापू रंगमंचावर गाजवला, आणि १९८०च्या सिनेमातही बापू तेच होते. घाणेकरांचा आवाज, त्यांची ऐट यांनी बापू अमर झाला हे खरंच. पण वाटेत गारंबी मागे राहिली. पेंडशांच्या पानांवर गावाचा चढउतार, पाण्याचे आवाज, आगरांतला अंधार हे बापूचं शरीर आहे. रंगमंचावर ते संवादांत आलं आणि पडद्यानेही मुख्यतः संवादच उचलले. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’चं १९७८ मध्ये श्याम बेनेगलांनी उलट केलं, कथानकच आंध्रातल्या खेड्यात नेलं. सिनेमा म्हणून तो मला आवडतो. पण वेंगुर्ल्याचा तो किनारा पाहिलेल्या वाचकाला त्यात परकं वाटलं, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

म्हणूनच ‘तुंबाड’साठी बर्व्यांनी आधी ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला होता, ही बाब मला फार मोलाची वाटते. सिनेमा कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी कागदावर पाहून झाला होता. एका अर्थी ती न छापलेली ग्राफिक नॉव्हेलच. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’कार अनिल बर्व्यांच्या मुलाने शब्दांआधी चित्रांवर भिस्त ठेवावी, यातही मराठी सिनेमाची एक कूस बदललेली दिसते. २०१८ मध्ये या सिनेमाची कमाई बेताचीच राहिली. मग तो घरोघरी फोनवर नि टीव्हीवर पाहिला गेला, आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त चालला. लोकांना गोष्ट ठाऊक होती, तरी ते आले. आमच्याकडे नमन-खेळ्यांचा प्रेक्षक असाच असतो : संकासुर काय करणार हे त्याला लहानपणापासून माहीत असतं, तो येतो यंदा कसा नाचतोय ते बघायला.

सरपोतदारांचं नाव इथे पुन्हा घ्यावं लागतं. त्यांचा २०१३चा ‘नारबाची वाडी’ मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावरचा. आपली वाडी जिवापाड जपणारा म्हातारा मूळचा बंगालचा आहे हे सांगितल्यावर इथली माणसं चकित होतात, इतका तो नारळी-पोफळींत मुरलाय. २०२४च्या त्यांच्याच ‘मुंज्या’ने देशभरात १०० कोटींच्या पुढे धंदा केला. पिंपळावरचा मुंज्या ही आमच्या आज्यांची गोष्ट. ती आता सुपरहिरोंसारख्या एकमेकांत गुंफलेल्या भुताखेतांच्या मालिकेचा भाग झाली आहे. संगणकाने घडवलेला तो मुंज्या पोरांना आवडला. मला त्यातली पिंपळाची जागा अधिक पटली.

तुंबाडच्या खोतांवर चित्रकादंबरी व्हावी असं मनापासून वाटतं. माणसं दूर शोधायला नकोत; चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, तिथली मुलं पावसात बसून चिरा आणि कौलं रंगवतात. चार पिढ्यांची ती कथा आधी कोणी नीट रेखाटली, जगबुडीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढतं, ओटीवर कोण बसतं आणि अंगणात कोणाला उभं राहावं लागतं हे चौकटीत बसवलं, तर पुढे सिनेमा करणाऱ्याला निदान वाडा सासवडचा घ्यावा लागणार नाही.

आणि एक तक्रार राहतेच. जागा डोळ्यांना पटू लागली, कानांना अजून नाही. १९८०च्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला राज्यभर मान मिळवून दिला, त्याचा सगळ्यांना आनंदच आहे. पण तेव्हापासून पडद्यावरचा कोकणातला माणूस म्हटला की तो मालवणीच बोलतो, मग तो संगमेश्वरचा असो, दापोलीचा की मंडणगडचा. संगमेश्वरी बोलीची लय वेगळी, बाणकोटीची वेगळी, दालदी मुसलमानांच्या कोकणीची आणखी वेगळी. ‘तुंबाड’ तर हिंदीतच आहे. खेडचा पाऊस जसाच्या तसा टिपायला ज्यांनी कित्येक पावसाळे दिले, त्यांच्या सिनेमात खेडचं एक वाक्य नाही.