गोविंदराव टेंबे : पेटी आणि लेखणी

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) कोणत्याही एका व्यवसायात कायमचे स्थिरावले नाहीत. पेटीवादन, ‘मानापमाना’चे संगीत (१९११), ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील हरिश्चंद्राची भूमिका आणि ग्रंथलेखन या विविधतेची छंदिष्टपणा म्हणून संभावना करणे सोपे आहे, न्याय्य नव्हे. पेटीचे स्वर जागच्या जागी बांधलेले; दोन स्वरांना जोडणारी मींड तिच्यावर अखंड उमटत नाही. ही उणीव कुशल वादकासच अधिक बोचते. ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथात भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ यांची गायकी शब्दांत धरण्याची जी धडपड आहे, तिचे मूळ मला येथे दिसते. गायकी शब्दांतही सर्वस्वी सापडत नाही, हे खरे. तथापि टेंबे यांचे लेखन हा वादनातील विसावा नसून त्याचाच पुढील प्रयत्न होय.