पन्नास वर्षांची टक्कर

'जुन्या गाड्या काय मजबूत असायच्या!' असे आपण सहज म्हणतो. या समजाला धक्का देणारी एक छोटी फिल्म अमेरिकेतील 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त काढली. तीत १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू प्रत्येकी ताशी ६४ कि.मी. वेगाने चालकाच्या बाजूने समोरासमोर आदळतात. मालिबूतल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा होते. बेल एअरचा चालक मात्र वाचला नसता.

वर्गात याचे स्पष्टीकरण बहुधा असे दिले जाते : जुनी गाडी कडक, म्हणून धक्का थेट माणसापर्यंत पोचला. फिल्म नीट पाहिली तर हे पटत नाही. बेल एअरही चेपली, पण नको तिथे. माणूस बसतो ती जागाच कोलमडली. मालिबूचे नाक चुरगळले, बरीच ऊर्जा तिथेच खर्ची पडली आणि बैठकीचा पिंजरा शाबूत राहिला.

फिल्मच्या दोन उणिवा आम्हांला जाणवतात. बेल एअरमध्ये ना पट्टा होता, ना हवेची पिशवी. त्यामुळे श्रेय सांगाड्याला किती आणि पट्ट्याला किती, हे वेगळे करता येत नाही. दुसरे, हा सारा काळाचा महिमा वाटतो. पण बेला बारेनी यांची चुरगळणाऱ्या नाकाची कल्पना वापरून मर्सिडीजने आलिशान सेदान आणली ती १९५९ मध्येच. व्होल्वोचा तीन-बिंदू पट्टाही त्याच वर्षीचा. म्हणजे ज्ञान होते. ते सर्वांच्या गाडीत यायला दशके लागली.

फिल्म वर्गात जरूर दाखवावी. मात्र 'मग इतका उशीर का झाला?' हेही मुलांना विचारावे.