मुंबई बेटाचा पूर्वेतिहास आणि घांटावरील दप्तरें

मुंबई बेटाच्या पूर्वेतिहासाचा विचार करूं लागलें म्हणजे दोन ग्रंथ प्रथम हातीं घ्यावे लागतात : गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' (१८६३) आणि डॉ. जर्सन द कुन्हा यांचा 'ओरिजिन ऑफ बॉम्बे' हा इंग्रजी ग्रंथ (१९००). दोन्ही ग्रंथकार मूळचे गोमंतकीय. दोघांच्याही श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि आदर निराळा व प्रामाण्य निराळें.

माडगांवकरांचें खरें बळ स्वतः पाहिलेल्या मुंबईच्या वर्णनांत आहे. पूर्वकाळाकडे वळले कीं त्यांस ऐकीव हकीकतींचा आश्रय करावा लागतो. द कुन्हांनीं ही उणीव पोर्तुगीज साधनांनीं भरून काढली. सन १५६३ त गोव्यास छापलेल्या आपल्या वनौषधिविषयक संवादग्रंथांत मुंबई बेटाचा आपलें म्हणून उल्लेख करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता, सन १६६५ त इंग्रजांनीं ताबा घेतला तेव्हांची मालकीण दोना इनेस द मिरांदा, ताबा घेणारा हंफ्रे कुक, आणि सन १६७२ त रहिवाशांकडून दरसाल २०,००० शेराफिन घेण्याचें ठरवून जमिनीचा तंटा मिटविणारा जेरल्ड आंजिअर, हीं माणसें त्यामुळें स्पष्ट दिसूं लागलीं.

परंतु दोष येथेंच आहे. पूर्वकाळाच्या प्रकरणांत परकीय मनुष्य येतो तो स्वतःच्या नांवानें. एतद्देशीय येतो तो बहुधा कोळी, भंडारी, प्रभु अशा ज्ञातीच्या नांवानें. ज्याची सनद त्याचाच इतिहास, असा हा न्याय झाला.

एक उदाहरण पुरे आहे. सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांस धास्ती पडली. त्यांनीं दोन वकील पाठविले. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पांकडे गेला व जुलैंत तह करून त्यानें व्यापाराची मोकळीक मिळविली. कॅप्टन गॉर्डनला शाहू छत्रपतींकडे पाठविलें. छत्रपतींचा स्नेह संपादणें हें उघड काम. बाजीरावांविरुद्ध दरबारांत कोण आहे याचा शोध घेणें हें आंतलें काम. गॉर्डनची हकीकत फॉरेस्टनें सन १८८५ त छापली, आणि तेव्हांपासून ती सातारच्या दरबाराचें चित्र म्हणून वाचली जाते.

आमचा आक्षेप या वाचण्याच्या रीतीवर आहे. जो फूट शोधावयास गेला, त्यास फूट दिसली यांत नवल तें काय? एका हातानें पेशव्याच्या बंधूशीं तह आणि दुसऱ्या हातानें पेशव्याच्या वैऱ्यांची चांचपणी, असा हा व्यवहार होता. त्याचा कागद त्या व्यवहारापुरताच साक्षी होय. मुंबईकरांची भीति किती होती हें त्यावरून कळतें; छत्रपति व पेशवे यांचें परस्परांविषयींचें मन त्याच एका कागदावरून ठरवितां येत नाहीं.

ही एकतर्फी कैफियत दुरुस्त करणें घांटावरील संग्राहकांच्या हातीं आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सन १८९७ पासून प्रसिद्ध केला. एका सरदार घराण्याच्या पत्रांनीं उत्तर पेशवाईच्या इतिहासाची किती इंग्रजी गृहीतें तपासून घ्यावीं लागलीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनींही तीच दृष्टि ठेवून कागद जमविले. दोघांनींही चटकदार पत्रांबरोबर रूक्ष कागदांचीही किंमत ओळखली होती.

म्हणून विनंती इतकीच कीं, सातारा, मिरज, सांगली या बाजूस ज्यांच्या घरीं रुमाल आहेत त्यांनीं खर्चाच्या याद्या, पोषाखांचे हिशेब व जासुदांच्या रोजमुऱ्याचे कागद रद्दी म्हणून बाजूस काढूं नयेत. वकिलास बिदागी काय दिली, किती दिवस शिधा दिला, कोणाच्या मार्फत भेट झाली, हें अशाच कागदांत असतें. मुंबई बेट समुद्रांत असलें तरी त्याच्या इतिहासाचा अर्धा भाग घांट चढून आलेला आहे; तो वाळवीच्या तोंडीं जाऊं देणें हा आपलाच अपराध ठरेल.