टीका आणि किल्ली

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ बाहेरच्या मार्गदर्शिकेवाचून खेळताच येऊ नये, हा त्या खेळाचा दोष मानावा काय? प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला, तरी मुळात तो संहितेच्या स्वयंपूर्णतेचा आहे आणि मराठी वाङ्मयाला तो नवा नाही.

ज्ञानेश्वरी (शके 1212) ही गीतेच्या 700 श्लोकांवरील टीका. तिच्यामुळे गीता 'सुटत' नाही; ती अधिक अर्थसंपन्न होते आणि टीकाच स्वतंत्र काव्य ठरते. याउलट महानुभावांची सकळ लिपी. तीत अक्षरांची अदलाबदल केलेली असल्याने संकेत ठाऊक असलेल्या पंथीयांनाच पोथी वाचता येई. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, तेव्हा कुठे हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांपुढे खुले झाले. टीका वाचनाला सोबत करते; किल्लीवाचून वाचन सुरूच होत नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (2004) या खेळात दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते. मोहिमेवर कोठे जायचे, हे पुष्कळदा केवळ शब्दांनी सांगितलेले असे. वर्णन वाचावे, भटकावे, चुकावे, वाटेत भेटलेल्यास विचारावे, हाच तेथील आस्वाद. वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो, त्या याच. मात्र एखादी दुर्मीळ वस्तू शत्रूकडून किती वेळा मिळते, याचे प्रमाण खेळ कोठेच सांगत नसे. असंख्य खेळाडूंच्या नोंदी गोळा करून ते बाहेरच्या संकेतस्थळांनी काढले. ही जागा कल्पनाशक्तीने भरत नाही, निव्वळ मोजदादीने भरते. तिला गूढता म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.

2009 साली निर्मात्यांनी मोहिमांची स्थळे खेळातील नकाशावरच दाखविण्यास आरंभ केला. मार्गदर्शिका आत आली खरी, पण वर्णन वाचण्याचे प्रयोजनच त्यामुळे क्षीण झाले. ज्या जागा खेळाडूने भराव्यात त्या बुजविल्या गेल्या, आणि मोजदादीची जागा तशीच झाकलेली राहिली! पुढे 2019 मध्ये जुनी आवृत्ती 'क्लासिक' या नावाने परत आणली गेली, तेव्हाही अनेकांनी ती बाहेरची साधने जोडूनच खेळली.

याचे कारण केवळ आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. मर्ढेकरांची कविता न उमगलेला वाचक दुसऱ्या कोणाचे नुकसान करीत नाही. 40 जणांच्या चढाईत मात्र एक अनभिज्ञ खेळाडू उरलेल्या 39 जणांची संध्याकाळ वाया घालवू शकतो. म्हणून 'आधी वाचून ये' ही अट गट घालतो, आणि ऐच्छिक टीकेची सक्तीची किल्ली होते. पंथ आणि पंथाबाहेरचे ही विभागणी येथे पुन्हा उभी राहते. तिची जबाबदारी खेळाडूंइतकीच निर्मात्यांवरही येते, कारण नियमांचे गणित उघड करून वाट तेवढी अनुच्चारित ठेवण्याचा पर्याय त्यांना पहिल्यापासून उपलब्ध होता.