फीड रीडर : वृत्तसंकलनाच्या एका साधनाचे परीक्षण

फीड रीडरची स्तुती बहुधा एकाच मुद्द्यावर केली जाते : अनेक संकेतस्थळे एकामागून एक उघडण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. ही स्तुती खरी असली तरी गौण आहे. वाचावयाच्या मजकुराचा क्रम कोणी ठरवावयाचा, या प्रश्नाला हे साधन जे उत्तर देते त्यात त्याचे वैशिष्ट्य आहे. त्याचे गुणदोष तपासावयाचे तेही याच कसोटीवर.

साधनाची रचना साधी आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराचे शीर्षक, दुवा, दिनांक व सारांश ठराविक घाटाच्या एका फाईलमध्ये नोंदविते. फीड रीडर ती फाईल मधूनमधून पाहतो आणि नव्या नोंदी उचलून वाचकापुढे मांडतो. नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये ‘आरएसएस’ या नावाने हा घाट प्रथम पुढे आणला. (या तीन अक्षरांच्या पुढे तीन निरनिराळ्या फोडी सांगण्यात आल्या, घाट साधा असला तरी त्याभोवतीचे वाद साधे नव्हते.) २००५ मध्ये ‘ॲटम’ या दुसऱ्या घाटालाही प्रमाणरूप मिळाले.

समाजमाध्यमे वाचकाच्या पूर्वीच्या वर्तनावरून मजकूर पुढेमागे करतात. फीड रीडरमध्ये सामान्यतः कालक्रम पाळला जातो व स्रोत वाचकाने स्वतः निवडलेले असतात. सहा महिन्यांतून एकदाच लिहिणारा अभ्यासक ज्या दिवशी लिहील त्या दिवशी वाचकापुढे येतोच. त्याला लोकप्रियतेची शिफारस लागत नाही. तथापि कालक्रम म्हणजे निःपक्षपात, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दिवसाला शेकडो बातम्या देणारे वृत्तपत्र आणि हा अभ्यासक एकाच यादीत बसविले, तर पहिल्याच्या गलक्यात दुसरा बुडून जातो. म्हणूनच अर्थकारण, क्रीडा, विज्ञान असे विषयवार फोल्डर करण्याची रूढ पद्धत अपुरी पडते. लेखनाच्या वारंवारतेवरून केलेली विभागणी अधिक उपयोगी आहे. विरळ लिहिणारे एका फोल्डरमध्ये ठेवावेत व त्यांची प्रत्येक नोंद वाचावी. वृत्तपत्रे दुसऱ्यात ठेवून त्यांवर केवळ नजर फिरवावी आणि उरलेल्या नोंदी निःसंकोचपणे एकदम ‘वाचलेल्या’ ठरवाव्यात. ग्रंथपालाला यात नवल वाटणार नाही. दैनिकांचा ढीग आणि संदर्भग्रंथांचे कपाट तो एकाच नियमाने लावीत नाही.

न वाचलेल्या नोंदींचा आकडा हा मात्र या साधनाचा खरा दोष होय. येथे टपालाचा न्याय वृत्ताला लावला गेला आहे. पत्राचे उत्तर देणे बाकी राहते. बातमीचे तसे काहीच बाकी राहत नाही. गूगल रीडरमध्ये हा आकडा हजारापाशी पोचला की पुढे केवळ अधिक चिन्ह दिसे, आणि वाचनाची यादी ही ऋणाची वही वाटू लागे. अनेकांनी हे साधन सोडले ते कदाचित् या ओझ्यामुळेच.

गूगल रीडरचा शेवट या दृष्टीने उद्बोधक आहे. २००५ मध्ये सुरू झालेली ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. घाट सर्वांना खुला होता, पण वाचनाची सवय एका घरी बांधली गेली होती. स्रोतांची यादी ‘ओपीएमएल’ फाईलच्या रूपाने उतरवून घेता येत असल्यामुळे पुष्कळ वाचक ती घेऊन फीडलीसारख्या अन्य सेवांकडे गेले. म्हणजे वाचकाने केलेली निवड व विभागणी टिकली, आणि ही या रचनेची मोठीच जमेची बाजू होय. जुना मजकूर मात्र त्या यादीत नव्हता. संकेतस्थळाच्या फाईलमध्ये बहुधा अलीकडच्या दहावीस नोंदीच असतात; त्यांमागचे जे काही साठले होते ते सेवेच्या भांडारात होते, आणि सेवेबरोबर ते भांडारही बंद झाले. पुढे ज्या नोंदीचे काम पडेल असे वाटते, ती संशोधकाने संपूर्ण मजकूर, दुवा व दिनांक यांसह त्याच दिवशी स्वतंत्रपणे उतरवून ठेवावी. फोल्डरमध्ये दिसते म्हणून ती संग्रहात आहे, असे समजू नये.