वाडकर, हंसा

वाडकर, हंसा : (२४ जानेवारी १९२३–२३ ऑगस्ट १९७१). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री आणि सांगत्ये ऐका (१९७०) या आत्मकथनाची निवेदक. मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. जन्म मुंबईचा, घराणे सावंतवाडीकडील. सावंतवाडी संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले व १९८१ मध्ये तो भाग नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला. दक्षिण कोकणातील कलावंत घराण्यांत गायन-नर्तनाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. बोलपट सुरू झाल्यावर गाता येणाऱ्या व स्पष्ट मराठी बोलणाऱ्या मुलींची गरज निर्माण झाली आणि या घराण्यांतील काही मुली चित्रपटाकडे वळल्या. हंसा वाडकर त्यांपैकीच एक होत. मात्र चित्रपटात येणे हा त्यांनी स्वतः केलेला निर्णय नव्हता. घरची आर्थिक ओढ भागविण्यासाठी त्या बालवयातच कामाला लागल्या. पुढे लहान वयातच विवाह झाला, तरी मिळवतेपणाची ही जबाबदारी सुटली नाही.

विजयाची लग्ने (१९३६) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्याचे कर्ते मामा वरेरकर हे मूळचे चिपळूणचे. पडद्यावर येताना रतन साळगावकर यांनी ‘हंसा वाडकर’ हे नाव धारण केले. त्यानंतर बाँबे टॉकीजच्या नवजीवन (१९३९) या हिंदी चित्रपटात त्यांनी नायिकेची भूमिका केली. तथापि त्यांची खरी ओळख मराठी चित्रपटांनी करून दिली. प्रभातचा संत सखू (१९४१), राजकमलचा लोकशाहीर रामजोशी (१९४७), राजा परांजपे दिग्दर्शित पुढचं पाऊल (१९५०) आणि अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) हे त्यांच्या कारकीर्दीतील महत्त्वाचे टप्पे होत. यांपैकी शेवटचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला.

संत सखू आणि रामजोशी हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले असता त्यांच्या अभिनयाचे मर्म ध्यानी येते. सखू ही कऱ्हाडची सासुरवाशीण. तिचा छळ होतो आणि तिला पंढरीच्या वारीला जाता यावे म्हणून विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या सासरी राबतो, अशी आख्यायिका आहे. रामजोशीमधील बया ही उत्तर पेशवाईतील तमासगीर स्त्री. एक देवघरातली, दुसरी फडावरची. तत्कालीन समाजाने स्त्रियांची जी दोन कप्प्यांत विभागणी केली होती, तिची ही दोन टोके एकाच अभिनेत्रीने सहा वर्षांच्या अंतराने साकारली. सखूच्या सोशिकपणात त्यांनी दीनवाणेपणा येऊ दिला नाही आणि बयेच्या नखऱ्यात उथळपणा शिरू दिला नाही. रामजोशीच्या यशानंतर मराठीत तमाशापटांचा जो प्रवाह सुरू झाला, त्यातील पुष्कळ नायिकांमध्ये ठसका राहिला, पण व्यक्तिरेखेचे भान हरवले. या तुलनेत हंसा वाडकरांच्या संयमाचे मोल अधिक जाणवते.

त्यांच्या नावाशी आज निगडित असलेली प्रसिद्धी मात्र मुख्यत्वे आत्मकथनामुळे लाभलेली आहे. पत्रकार व कादंबरीकार अरुण साधू यांनी त्यांच्या तोंडून ऐकून ते शब्दांकित केले. माणूस या नियतकालिकातून ते प्रथम वाचकांपुढे आले आणि १९७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लेखिकेच्या निधनापूर्वी जेमतेम वर्षभर आधीची ही घटना होय. पुस्तकाचे शीर्षक त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचेच आहे. परंतु त्याचा अर्थ येथे पालटतो. ‘सांगते’ या प्रमाणरूपाऐवजी ‘सांगत्ये’ हे बोलीतील स्त्रीमुखी रूप चित्रपटात लोककथनाचा पुकारा म्हणून येते. पुस्तकात तेच रूप एका स्त्रीचा स्वतःच्या आयुष्यावरील हक्क ठरते. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये बोलणारी स्त्री येथे प्रथमच स्वतःचे वाक्य बोलते.

या कथनात अल्पवयातील कष्ट, संशयाने ग्रासलेला संसार, मद्याचे व्यसन, घर सोडून जाणे, मराठवाड्यातील एका जमीनदाराच्या घरी बंदिस्तपणे काढलेला काळ या गोष्टी आडपडदा न ठेवता आल्या आहेत. त्या काळच्या मराठी वाचकास हा धक्काच होता. परंतु पुस्तकाचे वाङ्‌मयीन सामर्थ्य धीटपणात नाही, ते निवेदनाच्या सुरात आहे. निवेदक स्वतःची कैफियत मांडत नाही आणि इतरांवर आरोपपत्रही ठेवत नाही. चित्रीकरण, करार, भूक, अपमान, हौस आणि चूक या साऱ्या गोष्टी ती एकाच पातळीवर सांगत जाते. निवेदन शब्दांकित असल्याने त्याच्या रचनेत साधूंचा वाटा किती, हा प्रश्न समीक्षकाने विचारावयास हवा. तथापि वाक्यांचा तुटकपणा व बोलण्याची लय राखण्यात शब्दांकनकाराने दाखविलेला संयम हाच या पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा आधार आहे.

अशा कथनांची परंपरा हॉलिवुडमध्ये आधीच सुरू झाली होती. लिलियन रॉथ या अभिनेत्रीचे मद्यासक्तीविषयीचे आत्मकथन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला. तेथील कथनास व्यसनमुक्तीचा सुखान्त आहे आणि वाचकाला बोधही मिळतो. हंसा वाडकरांच्या कथनात असा दिलासा नाही. दुसरा फरक व्यवसायाच्या रचनेचा आहे. हॉलिवुडमध्ये अभिनेत्रीस सात वर्षांच्या कराराने बांधणारी संस्था स्टुडिओ ही होती. ऑलिव्हिया द हॅव्हिलंड हिने १९४४ मध्ये न्यायालयाकडून त्या बंधनास मर्यादा घालून घेतली. आपल्याकडे स्टुडिओच्या कराराइतकाच घरचा करार कठोर होता, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नव्हते.

श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे भूमिका (१९७७) हा हिंदी चित्रपट निर्माण केला. नायिकेचे नाव बदलून उषा ठेवण्यात आले. या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना आणि पटकथेसाठी बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कृष्णधवल व रंगीत चित्रणाची सांगड घालून चित्रपटसृष्टीचा काळ उभा करणारी ही श्रेष्ठ कलाकृती होय. तरीही तिचा एक परिणाम नोंदविला पाहिजे. चित्रपटाने नायिकेचे आयुष्य प्रामुख्याने तिच्या जीवनात आलेल्या पुरुषांच्या क्रमाने गुंफले. त्यामुळे भोगणारी व शोधणारी स्त्री ठळक झाली, पण काम जाणणारी कलावती मागे पडली. पुढे पुष्कळांना हंसा वाडकर स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यानेच ठाऊक झाल्या. स्वतःची कहाणी स्वतः सांगण्यासाठी ज्या स्त्रीने एवढी किंमत मोजली, तिच्या वाट्याला पुन्हा दुसऱ्याने रचलेली भूमिकाच आली, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. यात दोष दिग्दर्शकाचा नसून मूळ चित्रपट न पाहता मत बनविणाऱ्या प्रेक्षकांचा व अभ्यासकांचा आहे.

सांगत्ये ऐका नंतर मराठी अभिनेत्रींच्या आत्मचरित्रांना वेग आला. लीला चिटणीस यांचे चंदेरी दुनियेत (१९८१), दुर्गा खोटे यांचे मी, दुर्गा खोटे (१९८२), शांता हुबळीकर यांचे कशाला उद्याची बात (१९९०) ही त्यांतील ठळक उदाहरणे. दुर्गाबाईंसारख्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातून आलेल्या अभिनेत्रीच्या कथनात निवड आणि निर्धार यांना स्थान आहे; हंसा वाडकरांना अशी निवड फार थोडी लाभली. म्हणूनच त्यांचे पुस्तक चित्रपटसृष्टीच्या सामाजिक इतिहासाचे, विशेषतः तिच्या पायाशी असलेल्या स्त्रीश्रमाचे, मोलाचे साधन ठरते. जसबीर जैन व शोभा शिंदे यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हंसा वाडकरांचे मूल्यमापन केवळ एका दुःखी जीवनाची नायिका म्हणून करणे हे त्यांच्यावर अन्यायकारक होईल. सखूची शालीनता व बयेची धग ज्या देहबोलीतून आली, तिच्याच स्वरातून हे आत्मकथनही उमटले आहे. पुस्तक वाचून संत सखू व रामजोशी पाहावेत, आणि ते चित्रपट पाहून पुन्हा पुस्तकाकडे वळावे. तेव्हाच या कलावतीचे समग्र दर्शन घडते.