‘हॉर्टस मलबारिकस’मधील साक्षीदार

कोचीनच्या डच कंपनीचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात आम्सटरडॅम येथे बारा खंडांत छापून निघाला. मलबारातील सुमारे 740 वनस्पतींची चित्रे, नावे व औषधी गुण त्यात आहेत. लॅटिन न जाणणाऱ्यांस तो सव्वातीनशे वर्षे बंदच होता. 2003 साली के. एस. मणिलाल यांच्या दीर्घ परिश्रमाने तो इंग्रजीत उतरला. ह्या उपकाराबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

आमच्या वाचकांस ह्या ग्रंथाविषयी जिव्हाळा वाटावा असे एक पान पहिल्या खंडात आहे. रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोकणी वैद्यांचे साक्षपत्र तेथे कोकणी भाषेत व नागरी अक्षरांत छापलेले आहे. युरोपात नागरी अक्षरे छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. शेजारीच इट्टी अच्युतन ह्या ईळव वैद्याचे मलयाळम साक्षपत्र आहे. ही पाने पाहून अनेकांनी व्हान ऱ्हेडेच्या औदार्याची वाखाणणी केली आहे. ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्याने झाकली नाहीत, असे ते म्हणतात. म्हणणे खोटे नाही, पण पुरतेही नाही.

साक्षपत्र कशासाठी असते? ग्रंथातील मजकूर खरा आहे, अशी हमी परदेशी वाचकास मिळावी म्हणून. ती ऋणाची कबुली नव्हे. अच्युतन आपल्या साक्षीत सांगतो की, आपण कोचीनला आलो ते कमोडोरच्या आज्ञेवरून, आणि जे सांगितले ते आपल्या घरच्या ग्रंथांतले. ज्याच्या हाती किल्ला व तोफा, त्याची आज्ञा नाकारण्याची सोय त्या वैद्यास कितपत होती? आणि घरच्या पोथीतले ज्ञान एकट्याने देऊन टाकावयाचे की नाही, हे त्याच्या घराण्यास कोणी विचारले? ग्रंथात याचे उत्तर नाही. असा प्रश्नच त्या काळी कोणास सुचला नसावा. शिवाय उंच वृक्षांच्या शेंड्यापर्यंत चढून पाने, फुले, फळे आणणाऱ्या जाणत्या माणसांचा उल्लेख ग्रंथकर्ता स्वतःच करतो, मात्र त्यांतील एकाचेही नाव देत नाही. वनस्पतीचे नाव चार भाषांत दिले, झाडावर चढणाऱ्याचे एकाही भाषेत नाही! लिनियसने पुढे 1753 मध्ये ह्या ग्रंथाचा आधार घेतला, तेव्हा तर वैद्यांची नावेही मागे पडली.

हा त्या शतकाचा दोष म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्याच केरळात, अगस्त्यमलेच्या रानात, 1987 साली काणी जमातीच्या वाटाड्यांनी थकलेल्या संशोधकांस एका झुडपाची फळे खावयास दिली आणि ‘आरोग्यपच्चा’ जगापुढे आली. पालोड येथील वनस्पती-उद्यानाने तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध बनविले. 1995 मध्ये त्याचे हक्क कोइंबतूरच्या एका औषधशाळेस दहा लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वधन घेऊन देण्यात आले. त्यातील निम्मा वाटा काणींचा ठरला आणि तो घेण्यासाठी 1997 मध्ये त्यांचा न्यासही स्थापन झाला. व्हान ऱ्हेडेच्या तुलनेत हे पाऊल पुष्कळच पुढचे, आणि भारताच्या 2002 च्या जैवविविधता कायद्याआधीचे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण वाटणीचा हिशेब चोख झाला म्हणजे संमतीचा प्रश्न मिटत नाही. रानाची वाट दाखविणारे तरुण वेगळे आणि औषधी जपणारे जमातीचे वैद्य, म्हणजे प्लाथी, वेगळे. काही प्लाथींनी 1995 मध्येच केरळच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून आपले ज्ञान खाजगी कंपन्यांस विकण्यास हरकत घेतली. त्यांची तक्रार वाटा कमी पडल्याची नव्हती.